ओर्ता घराणे व मुंबई बेट

ओर्ता घराणे : सोळाव्या शतकात मुंबई बेट पोर्तुगीज राजसत्तेकडून खंडाने धारण करणाऱ्या गार्सिया द ओर्ता (सु. १५०१–१५६८) या वैद्य-वनस्पतिज्ञाचे कुटुंब. गार्सियाचा जन्म पोर्तुगालमधील कास्तेलु द व्हीद येथला. आईवडील स्पेनमधून आलेले, सक्तीने ख्रिस्ती केले गेलेले ज्यू. सालामांका व अल्काला येथे शिक्षण, लिस्बन येथे अध्यापन. १५३४ मध्ये पोर्तुगीज आरमारी सेनानी मार्तीं आफोंसु द सोझाबरोबर गोव्यात आगमन. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर त्याने उपचार केले.

बेट : २३ डिसेंबर १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई व मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. सु. १५५४ मध्ये मुंबई बेट गार्सियाला मिळाले (या सालाबद्दल मतभेद आहेत). तो स्वतः बहुतेक काळ गोव्यातच राहत असे. बेट कुळांकडे होते. कोळी, भंडारी व आगरी वस्तीचे हे बेट नारळ, भात आणि मासळीवर जगे.

ग्रंथ : घराण्याचा खरा ठेवा म्हणजे १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झालेला ‘कोलोकियुश’ हा संवादग्रंथ. ५९ संवादांत ओर्ता व रुआनु नावाचा कल्पित वैद्य भारतीय औषधींची चर्चा करतात. लॅटिनऐवजी पोर्तुगीज भाषा वापरून आणि प्राचीन ग्रीक ग्रंथांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्यावर भिस्त ठेवून ओर्ताने युरोपीय वनस्पतिशास्त्राला नवी दिशा दिली. पटकीचे (कॉलऱ्याचे) त्याने केलेले वर्णन युरोपीय वैद्यकातील आशियाई पटकीच्या पहिल्या वर्णनांत गणले जाते. आंब्यावरील संवादात मुंबईचे कूळ सिमांव तोस्कानु गव्हर्नराला भेट देण्यासाठी आंबे घेऊन येतो, आणि आपल्या बेटावर वर्षातून दोनदा फळणारे झाड असल्याचे ओर्ता सांगतो. मुंबईच्या आंब्याची ही फार जुनी लेखी नोंद होय. वनस्पतिज्ञ क्लुसियुसने १५६७ मध्ये ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला, आणि ओर्ताचे ज्ञान युरोपभर पोहोचले. या ज्ञानात मलुपा नावाच्या हिंदू वैद्याचा आणि झाडे आणून देणाऱ्या आंतोनिया या दासीचा वाटा होता. दोघेही ग्रंथात बोलताना दिसतात, पण ग्रंथाच्या श्रेयनामावलीत त्यांना स्थान मिळाले नाही. कोशकारांनी ही उणीव भरून काढणे अगत्याचे आहे.

बहीण : गार्सियानंतर गोव्याच्या इन्क्विझिशनने (धर्मन्यायालयाने) बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ मध्ये जाळले. १५८० मध्ये खुद्द गार्सियाच्या अस्थीही उकरून जाळण्यात आल्या.

पत्नी व मुली : पत्नी ब्रियांदा द सोलिस, दोन मुली.

वाडा : बेटावरील वाडा ओर्तानेच बांधला, असे परंपरेने मानले जाते. पुढे बेट इतर पोर्तुगीज घराण्यांकडे गेले. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगीज राजकन्या यांच्या १६६१ च्या विवाहकरारान्वये बेट इंग्रजांकडे आले. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी ताबा देण्याचा दस्तऐवज याच वाड्यात, बेटाची तत्कालीन मालकीण दोना इनेश द मिरांदा हिच्या घरी, झाला. इंग्रजांतर्फे हम्फ्री कुक हजर होता. १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड खंडाने दिले. वाड्याभोवती मुंबईचा कोट उभा राहिला. ही जागा आज आयएनएस आंग्रे या नौदल तळात आहे. पणजीच्या नगरपालिका उद्यानाला गार्सियाचे नाव आहे.