लग्नखर्च, कर्ज आणि भावकीतली पत

एकोणिसाव्या शतकातील दख्खनमध्ये कुणब्याच्या घरचे लग्न म्हणजे त्या घराच्या ऐपतीची जाहीर परीक्षा असे. जेवणावळी, आहेर, मानपान, वाजंत्री आणि वरात यांवरून भावकी घराची पत ठरवी. एकाने पंगती वाढवल्या की दुसऱ्यालाही त्या वाढवाव्या लागत. हात आखडला तर पुढच्या मुलांच्या सोयरिकीला अडचण येई. खर्च सगळ्यांचा वाढे, पायरी मात्र ज्याची त्याची तीच राही. लग्नासाठी एकरकमी पैसा लागे आणि तो सावकाराकडूनच मिळे. अशा रीतीने शेतातले उत्पन्न व्याजावाटे पेढीकडे आणि शेवटी गहाण पडलेली जमीनही सावकाराकडे जाई.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि कर्ज सहज मिळू लागले. पुढे भाव पडले, नव्या आकारणीने सारा वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांतही पोचले.

या दंगलींची चौकशी करणाऱ्या आयोगाने लग्नखर्चामुळेच शेतकरी कर्जात बुडतो, ही रूढ समजूत खोडून काढली. शेतकऱ्याच्या कर्जाचा दोष लग्नखर्चावर वाजवीपेक्षा जास्त टाकला जातो. धान्य, बियाणे, बैल आणि सारा यांसाठी वेळोवेळी घेतलेल्या रकमा अधिक साचतात, असे त्याचे मत होते. कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी केलेल्या १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना खतामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. मानपानाची चढाओढ मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

या चढाओढीवरचा उपाय समाजातून आला. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्यात भटजी नव्हता, दक्षिणा नव्हती. वधूवरांनी एकमेकांना वचने दिली आणि खर्च अगदी थोडा आला. एकट्या घराने काटकसर केली तर लोक तिला दारिद्र्य समजत. तीच संघटनेने स्वीकारली की रीत ठरे आणि कोणाचीही पत जात नसे.

संपत्तीच्या न्याय्य वाटणीसाठी कर्जाच्या अटी सुधारणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. प्रतिष्ठेसाठीच्या खर्चाला सर्वांनी मिळून मर्यादा घातली, तरच कष्टाचा पैसा कष्टकऱ्याच्या घरात टिकतो.