राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र
औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील (आयटीआय) अभ्यासक्रम पुरा करून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास मिळणारे कौशल्य-प्रमाणपत्र. भारत सरकारने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. १९५६ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. व्यवसायानुसार आठवी किंवा दहावीनंतर प्रवेश मिळतो. जोडारी (फिटर) व वीजतंत्री हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर संधाता (वेल्डर) एक वर्षाचा आहे.

लेखी परीक्षा असली, तरी खरी कसोटी प्रात्यक्षिकाची. जोडारीच्या उमेदवाराला पोलादी तुकडे कापून, कानशीने घासून दिलेल्या आराखड्याबरहुकूम करावे लागतात. गुण्या लावून काटकोन आणि व्हर्नियर कॅलिपरने मापे तपासली जातात. दोन तुकडे एकमेकांत चपखल बसावे लागतात. धातू जास्त घासला गेला, तर तो भरून काढता येत नाही.

प्रमाणपत्रानंतर शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ नुसार कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. महाराष्ट्रात दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्यांना तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. त्यामुळे बारावी न करताही अभियांत्रिकी पदविकेची वाट खुली राहते.