जळकी वायर आणि १८७२चा कायदा

हॉर्न दुरुस्तीला दिलेली गाडी परतते ती वायरिंग जळून. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं: ‘ते आधीपासूनच तसं होतं!’

या भांडणाचा कायदा मोटारीहूनही जुना आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १५१ सांगतं, ताब्यात आलेली वस्तू शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूसारखी जपावी. गंमत म्हणजे त्यातलंच कलम १७० कारागिराला मजुरी मिळेपर्यंत ती अडवूनही ठेवू देतं. म्हणजे किल्ली गॅरेजवाल्याकडे आणि गिऱ्हाइकाच्या नशिबी दिवाणी कोर्टाच्या तारखा.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर सदोष सेवेबद्दल वकिलाविनाही दाद मागता येऊ लागली. वायरिंगच्या प्रकरणात मात्र घोडं अजूनही पुराव्यापाशीच अडतं: गाडी सोडताना जॉबकार्डावर काय लिहिलं होतं?