स्थौल्यावरील शस्त्रक्रिया : पद्धतीची निवड आणि शल्यवैद्याची निवड

१

स्थौल्यावरील शस्त्रक्रियेचा इतिहास सामान्यतः पद्धतींच्या क्रमाने सांगितला जातो. अमुक साली अमुक शल्यवैद्याने अमुक पद्धती काढली, काही वर्षांनी ती मागे पडली व तिच्या जागी दुसरी आली, असे त्या कथनाचे स्वरूप असते. हा क्रम खोटा नव्हे; परंतु त्यावरून एका महत्त्वाच्या प्रश्नाचा उलगडा होत नाही. एखादी पद्धती चांगली किंवा वाईट हे ठरविले कोणी, कोणत्या कसोटीने, आणि किती काळानंतर? प्रस्तुत निबंधात या निवडीच्या इतिहासाचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न इतर शस्त्रक्रियांपेक्षा येथे अधिक निकडीचा आहे, याचे कारण उघड आहे. आतडे पिळवटलेला रुग्ण शल्यवैद्याची निवड करीत बसत नाही. जो समोर असेल त्याच्या हाती तो स्वतःस सोपवितो. स्थौल्याचा रुग्ण मात्र आपल्या पायांनी चालत येतो. त्याचे जठर आणि आतडे बहुधा निरोगी असतात, आणि त्या निरोगी अवयवांचीच रचना बदलण्यास तो संमती देतो. त्याला विचार करण्यास अवधी असतो. तेव्हा त्याने कोणती पद्धती पत्करावी व कोणाच्या हातून, हा प्रश्न या शस्त्रक्रियेच्या बाहेरचा नसून तिचाच एक भाग होय.

स्थौल्य ही व्याधी आपल्याकडील प्राचीन वैद्यकास अपरिचित नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'अष्टौनिन्दितीय' अध्यायात अतिस्थूल पुरुषाचे विवेचन आहे. परंतु तेथील उपचार आहार, विहार व औषधी यांचा आहे, शस्त्राचा नाही. त्यामुळे आजच्या शस्त्रक्रियेचे मूळ तेथे शोधणे योग्य होणार नाही. तिचा उगम विसाव्या शतकाच्या मध्यातील आहे.

२

अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर व नेल्सन या शल्यवैद्यांनी १९५४ साली लघ्वांत्राच्या निरनिराळ्या भागांचे पोषणातील महत्त्व तपासणारा एक निबंध प्रसिद्ध केला. प्रयोग कुत्र्यांवर केलेले होते. लघ्वांत्राचा मोठा भाग अन्नमार्गातून वगळल्यास स्निग्ध पदार्थांचे शोषण घटते व वजन उतरते, असे त्यांतून दिसले. याच तत्त्वावर पुढे मनुष्यावरील शस्त्रक्रिया उभी राहिली. लॉस एंजेलिसचे पेन व डीविंड यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ साली लघ्वांत्र बृहदांत्रास जोडण्याचे अनुभव मांडले. त्यातील अतिसार व क्षारांचा ऱ्हास असह्य ठरल्याने १९६९ साली त्यांनी सुधारलेली रचना सुचविली : लघ्वांत्राच्या आरंभाचे १४ इंच त्याच आंत्राच्या अखेरच्या ४ इंचांस जोडावयाचे व मधला सर्व भाग अन्नमार्गाबाहेर ठेवावयाचा.

या पद्धतीने वजन उतरत असे, याविषयी वाद नव्हता. त्या काळी कसोटी तीच होती. परंतु वर्षे लोटली तसतसे दुसरे हिशेब पुढे येऊ लागले. न शोषलेली चरबी आतड्यातील कॅल्शियमला बांधून टाकते; त्यामुळे मोकळे राहिलेले ऑक्झॅलेट बृहदांत्रातून रक्तात जाते व मूत्रपिंडात खडे धरतात. अन्नमार्गाबाहेर राहिलेल्या आंत्रात जंतूंची बेसुमार वाढ होते, सांधे सुजतात. प्रथिनांच्या अभावाची भर पडून काही रुग्णांची यकृते निकामी झाली. ज्यांचे वजन उत्तम उतरले त्यांच्यापैकीच काहींवर शस्त्रक्रिया उलटविण्याची पाळी आली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धती सोडून देण्यात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शस्त्रक्रियेचा लाभ वर्षभरात दिसत होता, हानी दिसण्यास पाच-दहा वर्षे लागत होती. निवड करणाऱ्या रुग्णाच्या व शल्यवैद्याच्या समोर पहिले पारडे भरलेले असे, दुसरे रिकामे भासे. ते रिकामे नव्हते. त्यात काय पडणार हे अद्याप कळावयाचे होते. या शाखेच्या पुढील इतिहासात हाच प्रकार पुनःपुन्हा घडलेला आढळतो.

३

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली निराळी वाट धरली. जठरव्रणासाठी ज्यांच्या जठराचा भाग काढलेला असतो त्यांचे वजन सहसा वाढत नाही, हे निरीक्षण त्यांच्या विचाराच्या मुळाशी होते. जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो सरळ लघ्वांत्रास जोडावयाचा, अशी त्यांची रचना होती. इटो यांच्यासह त्यांनी १९६७ साली ती प्रसिद्ध केली. आरंभी जोडलेल्या आंत्रातून पित्त वर येई. म्हणून पुढे स्विस शल्यवैद्य सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाणारी 'वाय'च्या आकाराची जोडणी रूढ झाली. केंटकीचे ग्रिफेन यांनी १९७७ साली या जठरवळणाची जुन्या आंत्रवळणाशी तुलना केली. रुग्णांची वाटणी यदृच्छेने करून दोन पद्धती परस्परांसमोर ठेवण्याचा हा या शाखेतील आरंभीचा प्रयत्न होय.

मेसन यांचा पुढील प्रवास इतिहासकाराने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. अन्नमार्गाबाहेर राहिलेले जठर तपासता येत नाही, लोह व जीवनसत्त्वे यांचे शोषण घटते, या कारणांनी ते स्वतःच्याच पद्धतीविषयी साशंक झाले. केवळ जठराची क्षमता घटविणाऱ्या व आतड्यास हात न लावणाऱ्या रचनेकडे ते वळले आणि १९८२ साली त्यांनी उभ्या टाक्यांची व पट्टीने आवळलेली जठररचना प्रसिद्ध केली. ती सोपी होती, नैसर्गिक अन्नमार्ग राखणारी होती आणि झपाट्याने पसरली. पण येथेही काळाने आपले मत उशिरा दिले. व्हर्जिनियाचे शुगरमन यांनी १९८७ साली दाखवून दिले की, गोड पदार्थ फार खाणाऱ्या रुग्णांत ही रचना जठरवळणापेक्षा तोकडी पडते. पातळ गोड पदार्थ आवळलेल्या मार्गातूनही सहज उतरतात. मेयो क्लिनिकच्या दहा वर्षांच्या पाहणीत निम्मे अतिरिक्त वजन घटवून ते तसेच टिकविलेले रुग्ण चतुर्थांशाच्या आसपासच आढळले. जनकाने सोडलेल्या पद्धतीकडे व्यवसाय परत फिरला. मेसन यांची थोरवी मात्र याने उणावत नाही. रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू करण्याच्या कामी तेच पुढे होते, आणि अशा नोंदींवाचून कोणत्याही पद्धतीवर निर्णय देणे शक्य झाले नसते.

४

१९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने भरविलेल्या परिषदेने शस्त्रक्रिया कोणास सुचवावी याची मर्यादा आखली. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा देहभारांक, ज्यास व्यवहारात बीएमआय म्हणतात, तो ४० अथवा त्याहून अधिक असावा, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ असावा, असे ते सूत्र होते.

दरम्यान कसोटीच बदलू लागली होती. नॉर्थ कॅरोलिनाचे पोरीज यांनी १९९५ साली आपला १४ वर्षांचा अनुभव मांडला. जठरवळण केलेल्या मधुमेही रुग्णांपैकी १४६ जणांची माहिती त्यांच्याजवळ होती. त्यांतील १२१ जणांची रक्तशर्करा प्राकृत झाली होती. वजन किती उतरले, एवढेच विचारणाऱ्या शास्त्रास आता व्याधी किती हटली हे विचारणे प्राप्त झाले. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या पाहणीचे मृत्युविषयक निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० रुग्णांत १०१, तर तुलनेच्या २,०३७ रुग्णांत १२९ मृत्यू नोंदले गेले. आयुष्य वाढते, हे या पाहणीने दाखविले. परंतु तिच्यात कोणाची कोणती शस्त्रक्रिया करावयाची हे शल्यवैद्यांवर सोपविलेले होते. १,३६९ जणांवर मेसन यांची उभी जठररचना, ३७६ जणांवर पट्टी व केवळ २६५ जणांवर जठरवळण झाले. दहा वर्षांनंतरची सरासरी घट पाहता जठरवळणात २५ टक्के, उभ्या रचनेत १६ व पट्टीत १४ टक्के आढळली. म्हणजे जी पद्धती पुढे अधिक परिणामकारक ठरली तीच सर्वांत कमी वेळा निवडली गेली होती. यात त्या शल्यवैद्यांचा दोष काढणे अनैतिहासिक होईल; त्यांच्यासमोर तो पुरावा नव्हता.

देहभारांकाच्या मर्यादेविषयी महाराष्ट्राचा संबंध प्रत्यक्ष येतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात आपलेच छायाचित्र छापले. दोघांचा देहभारांक २२.३ असा एकच. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. युरोपीय देहावर बेतलेला आकडा भारतीयांस तसाच लावणे कसे अपुरे आहे, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी भारतीयांसाठी ३७.५, व सहव्याधी असल्यास ३२.५, अशी खालची मर्यादा सुचविली. २०२२ साली अमेरिकन व आंतरराष्ट्रीय शल्यसंघटनांनी १९९१ चे सूत्र बदलून मर्यादा ३५ वर आणली, चयापचयाचे विकार असल्यास ३० पासून विचार करावा असे म्हटले, व आशियाई लोकांसाठी ती आणखी खाली असावी हे मान्य केले.

५

१९९४ साली विटग्रोव्ह व क्लार्क यांनी दुर्बिणीद्वारे केलेल्या जठरवळणाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पोटावरील मोठा छेद टळला, आणि शस्त्रक्रियेची मागणी वाढली. फुगविता येणारी सिलिकोनची पट्टी काढून टाकता येते म्हणून ती लोकप्रिय झाली; अमेरिकेत तिला २००१ साली मान्यता मिळाली, पण पट्टी सरकणे, जठरात रुतणे व पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे यांमुळे तिचाही बहर ओसरला. अतिस्थूल रुग्णांवर मोठी शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करताना पहिला टप्पा म्हणून जठराचा बाहेरचा भाग कापून त्याची निमुळती नळी करीत. पहिल्या टप्प्यानेच बऱ्याच रुग्णांचे काम भागते असे दिसल्यावर तीच स्वतंत्र पद्धती झाली आणि आज ती जगात सर्वाधिक केली जाते.

ही नळी आणि जठरवळण यांची तुलना करणाऱ्या फिनलंड व स्वित्झर्लंड येथील दोन प्रयोगांचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ साली एकत्रच प्रसिद्ध झाले. अतिरिक्त भाराची घट फिनलंडमध्ये अनुक्रमे ४९ व ५७ टक्के, स्वित्झर्लंडमध्ये ६१ व ६८ टक्के आढळली. अंतर आहे, पण मोठे नाही. मात्र स्विस प्रयोगात जठराम्ल वर येण्याचा त्रास नळीनंतर ३१.८ टक्के रुग्णांत बळावला, जठरवळणानंतर ६.३ टक्क्यांत. उलटपक्षी जठरवळणात आतडे आतल्या आत अडकण्याचा धोका व जन्मभर जीवनसत्त्वे घेण्याचे बंधन अधिक. तेव्हा छातीत जळजळ असणारा रुग्ण आणि नियमित औषध घेणे न जमणारा रुग्ण यांस एकच उत्तर देता येणार नाही.

६

आता शल्यवैद्याविषयी. या बाबतीत व्यवसायाचे मौन दीर्घकाळ टिकले. वॉशिंग्टन राज्यातील १९८७ ते २००१ या काळातील नोंदींवरून फ्लम व डेलिंजर यांनी २००४ साली दाखविले की, शल्यवैद्याच्या पहिल्या १९ शस्त्रक्रियांत तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याचा संभव पुढील शस्त्रक्रियांच्या मानाने ४.७ पट होता. पद्धती एकच, फरक हाताचा. मिशिगनमध्ये २० शल्यवैद्यांनी आपापल्या जठरवळणाचे चित्रीकरण समव्यावसायिकांसमोर नावाविना परीक्षणास ठेवले. २०१३ च्या निष्कर्षानुसार कौशल्यात खालच्या चतुर्थांशात आलेल्यांच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर वरच्या चतुर्थांशात ५.२ टक्के होते.

संस्थेला प्रमाणपत्र देऊन हा प्रश्न सुटतो काय? अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २००६ साली प्रमाणित केंद्रांतील शस्त्रक्रियेचेच पैसे देण्याचे ठरविले. परंतु सुधारणा सर्वत्रच चालू होती व तिचे श्रेय या निर्बंधास देता येत नाही असे दिसल्यावर २०१३ साली तो उठविण्यात आला. फलकापेक्षा हात महत्त्वाचा, असा याचा अर्थ घेण्यास हरकत नाही.

सुश्रुतसंहितेतील 'योग्यासूत्रीय' अध्यायाचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. शास्त्र पढलेला शिष्यही भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर छेदनाचा अभ्यास केल्यावाचून कर्मास पात्र नव्हे, हा त्या अध्यायाचा आशय. वॉशिंग्टनच्या आकड्यांनी त्याच जुन्या जाणिवेस मोजमाप दिले. प्रश्न असा उरतो की, पहिले १९ रुग्ण कोणाचे? कोणी तरी पहिला असणारच. अनुभवी शल्यवैद्याच्या देखरेखीखाली ते शिक्षण व्हावे, आणि रुग्णास ते ठाऊक असावे, एवढेच न्याय्य उत्तर संभवते.

७

या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ज्या पद्धतीमागे दहा वर्षांच्या नोंदी नाहीत तिच्याविषयीचा उत्साह हा पुरावा नव्हे. आंत्रवळण, उभी जठररचना व पट्टी या तिन्ही एके काळी उत्तम मानल्या गेल्या होत्या. २०२१ साली अमेरिकेत स्थौल्यासाठी मान्य झालेल्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी निवडीस नवा पर्याय दिला आहे. त्यांसही हीच कसोटी लावावी लागेल. दुसरा निष्कर्ष असा की, 'कोणती शस्त्रक्रिया?' हा प्रश्न 'कोणाच्या हातून, आणि नंतर कोण पाहणार?' या प्रश्नांपासून तोडता येत नाही. शल्यवैद्यास त्याच्या शस्त्रक्रियांची संख्या, गुंतागुंतीचे प्रमाण व पाच वर्षांनंतर त्याच्याकडे येत राहिलेल्या रुग्णांचा आकडा विचारणे हा त्याच्यावरील अविश्वास नव्हे. मेसन यांनी नोंदवही उघडली ती याच प्रश्नांची उत्तरे देता यावीत म्हणून. ती विचारण्याचा अधिकार रुग्णाचा आहे, आणि ती वही राखण्याचे कर्तव्य वैद्याचे.