बागेतील शेडचा वीजपुरवठा

बागेतील शेडचा वीजपुरवठा म्हणजे घराच्या वीजमांडणीतून आवारातील स्वतंत्र शेडपर्यंत नेलेला विद्युत परिपथ (सर्किट) होय. युनायटेड किंग्डममध्ये घरामागील बागेत अवजारांसाठी शेड बांधण्याची पद्धत रूढ असून, तिच्या वायरिंगसाठी बीएस ७६७१ हे मानक पाळले जाते. शेडमध्ये वावरणारी व्यक्ती अनेकदा ओल्या जमिनीवर उभी असते. त्यामुळे विजेचा धक्का बसण्याचा धोका घरातल्यापेक्षा येथे अधिक असतो.

केबल

जमिनीखालून नेण्यासाठी सामान्यतः पोलादी तारांचे कवच असलेली आर्मर्ड केबल वापरतात. घरातील साधी पीव्हीसी केबल थेट जमिनीत पुरणे मानकाला धरून नाही. मानकात खोलीचा ठरावीक आकडा नाही. कुदळ-फावड्याने इजा होणार नाही इतकी खोली पुरेशी मानली जाते. प्रत्यक्षात चर बहुधा ४५० ते ६०० मिलिमीटर खोल खणतात आणि केबलच्या वर इशारा देणारी पट्टी अंथरतात.

व्होल्टेजमधील घट

केबल जितकी लांब, तितके टोकाशी व्होल्टेज कमी मिळते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात दिव्यांसाठी ३ टक्के (६.९ व्होल्ट) आणि इतर उपकरणांसाठी ५ टक्के (११.५ व्होल्ट) घट चालते. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर केबलमध्ये दर अँपिअरला दर मीटरमागे सुमारे १८ मिलिव्होल्ट घट होते. म्हणजे २० मीटर अंतरावर २० अँपिअर प्रवाह नेल्यास ती ७.२ व्होल्ट होऊन दिव्यांची मर्यादा ओलांडते. ४ चौरस मिलिमीटर केबलमध्ये हीच घट सुमारे ४.४ व्होल्ट राहते.

अर्थिंग

अनेक ब्रिटिश घरांना मिळणाऱ्या पुरवठ्यात न्यूट्रल व अर्थ यांची वाहक तार एकच असते. ही सामाईक तार तुटल्यास अर्थला जोडलेले धातूचे भाग जमिनीच्या तुलनेत धोकादायक व्होल्टेजवर येऊ शकतात. म्हणून धातूच्या किंवा मातीच्या जमिनीच्या शेडसाठी बहुधा घराचा अर्थ न नेता तेथेच स्वतंत्र अर्थ-सळई रोवतात. अशा वेळी केबलचे कवच घराच्या बाजूला अर्थ करून शेडच्या अर्थपासून अलग ठेवले जाते.

सळईचा रोध १०० ओहम असल्यास दोषाच्या वेळी जास्तीत जास्त २.३ अँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी बंद होत नाही. त्यामुळे अशा मांडणीत गळतीचा प्रवाह ओळखणारे आरसीडी आवश्यक ठरते. सॉकेटसाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीडी वापरतात.

तपासणी

पुरवठा सुरू करण्यापूर्वी अर्थची सलगता, तारांची ध्रुवता, अर्थचा रोध आणि आरसीडीचे कार्य तपासतात. इन्सुलेशनचा रोध ५०० व्होल्टच्या चाचणीत किमान १ मेगाओहम असावा लागतो.

कायदेशीर तरतुदी

इंग्लंड व वेल्समधील इमारत नियमांचा 'भाग पी' १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. घरातून वीज घेणाऱ्या शेडही त्याच्या कक्षेत येतात. नवा परिपथ टाकल्यास काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक इमारत नियंत्रण विभागाला कळवावे लागते. नोंदणीकृत वीजतंत्रज्ञाने केलेले काम तो स्वतः प्रमाणित करू शकतो. भारतात वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही मानके आहेत.