सहा पानांतून वाढलेला खेळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नवा खेळ विकत आणला, की आपण खोक्यातला नियमांचा कागद वाचतो आणि त्याप्रमाणे खेळायला बसतो. नियमच अपुरे असतील तर तो खेळ फसला, असे आपण म्हणू. १९७४ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेल्या एका खेळाचे मात्र उलटे झाले. त्याचे नियम अपुरे होते, काही ठिकाणी तर अर्थच लागत नव्हता. ती उणीव भरून काढता काढता नियतकालिकांची एक वेगळीच दुनिया उभी राहिली. आज तिच्याविषयी थोडे बोलायचे आहे.

खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहान गावचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. भुयारात काय दडले आहे ते त्यालाच ठाऊक. बाकीच्यांपैकी कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक. ‘मी दार ढकलतो,’ असे खेळाडूने म्हणायचे आणि पुढे काय घडते ते सूत्रधाराने सांगायचे. घाव बसला की हुकला, ते फासे ठरवणार. शेवटी कुणी जिंकत नाही. गोष्ट पुढच्या बैठकीत पुढे सरकते.

पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची. खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर. टेबलावर सैन्य मांडून लढाया खेळणाऱ्या हौशी मंडळींसाठी ती लिहिलेली होती, त्यामुळे बाहेरचा माणूस पानापानावर अडखळे. मग शंका विचारायच्या कुणाला? उत्तर एकच होते, टपालाने एकमेकांना. कर्त्यांनाही ही रीत नवी नव्हती. ‘डूम्सडे बुक’ या हौशी पत्रकात आर्नेसन यांच्या ब्लॅकमूर या कल्पित प्रदेशाचे वर्णन १९७२ मध्येच आले होते. खेळ जन्मण्याआधीच त्याचा पाळणा पत्रकात हलत होता म्हणायचा!

१९७५ च्या आरंभी गायगॅक्स यांच्या ‘टीएसआर’ कंपनीने ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ नावाचे पत्र काढले. पहिला अंक फक्त सहा पानांचा. त्यात काय होते? एकट्याने खेळायचे झाले तर भुयार कसे रचावे याची कोष्टके होती आणि ‘माइंड फ्लेअर’ नावाचा, तोंडाभोवती सोंडा असलेला, माणसाचा मेंदू खाणारा एक राक्षस होता. पुढच्या अंकांतून वाचक स्वतःच भर घालू लागले. जो फिशर यांनी रानावनात वावरणारा ‘रेंजर’ हे पात्र रचले, पीटर अॅरन्सन यांनी भास निर्माण करणारा मांत्रिक, डग श्वेगमन यांनी गाणारा भाट. १९७८ मध्ये कंपनीने खेळाडूंसाठी मोठे नियमपुस्तक काढले तेव्हा ही तिन्ही पात्रे, थोडाफार फेरफार होऊन, त्यात जाऊन बसली. वाचकाने लिहिलेला मजकूर तीन वर्षांत नियम झाला होता.

सात अंकांनंतर या पत्राची जागा जून १९७६ मध्ये ‘द ड्रॅगन’ मासिकाने घेतली. संपादक होते टिम कास्क.

पण खरी गंमत कंपनीच्या बाहेर चालली होती. लॉस एंजेलिसमध्ये विज्ञानकथाप्रेमींचे एक साप्ताहिक संकलन निघे. त्यात या खेळाची चर्चा इतकी बोकाळली, की तिला वेगळे घर करून द्यावे लागले. जून १९७५ मध्ये ली गोल्ड या बाईंनी ‘अॅलॅरम्स अँड एक्स्कर्शन्स’ सुरू केले. लिहिणाऱ्याने आपापली पाने धाडायची, बाईंनी ती एकत्र बांधून सर्वांना पाठवायची. स्टेन्सिल कापून काढलेली ती पाने. आपल्याकडच्या सायक्लोस्टाइल प्रश्नपत्रिका ज्यांनी सोडवल्या आहेत त्यांना त्या शाईचा वास आठवेल. प्रत्येक जण मागच्या अंकातल्या प्रत्येकाला उत्तर देई. महिन्याला एकदा टपालाने भरणारा तो कट्टाच होता.

इंग्लंडमध्ये इयन लिव्हिंगस्टोन आणि स्टीव्ह जॅक्सन या मित्रांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये ‘आउल अँड वीझल’ हे पत्रक काढले. त्याची एक प्रत लेक जिनिव्हाला पोचली आणि तिकडून हा खेळ भेट म्हणून आला. यांनी सहा प्रती मागवल्या आणि त्याबरोबर युरोपातले विक्रीचे हक्कही मिळवले. पुढे लंडनची भाड्याची खोली सुटली तेव्हा दोघे काही काळ गाडीत झोपत आणि आंघोळीसाठी स्क्वॉश क्लबात जात. त्या खटाटोपातून १९७७ च्या जूनमध्ये ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिक निघाले. त्यात वाचकांनी रचलेल्या राक्षसांचे खास सदर होते. १९७९ मध्ये चार्ल्स स्ट्रॉस या शाळकरी मुलाची ‘गिथयांकी’ ही जमात तिथे छापून आली. १९८१ मध्ये ती थेट टीएसआरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर झळकली. स्ट्रॉस पुढे नामवंत विज्ञानकथाकार झाले.

हे सारे गोडीगुलाबीने चालले असे मात्र नाही. ‘ड्रॅगन’च्या तिसऱ्याच अंकात स्त्री-पात्रांसाठी वेगळे नियम आले. त्यात त्यांचे बळ कमी धरले होते आणि व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाऐवजी सौंदर्य मोजले होते. टेबलाभोवती बसणाऱ्या बायकांना ते कसे रुचावे? १९८० मध्ये याच मासिकात जीन वेल्स आणि किम मोहन यांनी बायकांना बरोबरीची वागणूक हवी आहे, असे स्पष्ट लिहिले. दुसरा वाद मालकीचा. सुरुवातीला गायगॅक्स यांनी ली गोल्ड यांच्या पत्रकाला आपुलकीने पत्र लिहिले होते. प्रत्येकाचा खेळ निराळा असावा, असा त्यांचा सूर होता. धंदा वाढला, तसे १९७८ मध्ये तेच गायगॅक्स हौशी पत्रकांवर तुटून पडले. ज्यांच्या लिहिण्यातून खेळ वाढला, त्यांचेच लिहिणे आता अडचणीचे वाटू लागले होते.

‘व्हाइट ड्वार्फ’ आजही निघते, पण ऐंशीचे दशक सरता सरता ते आपल्याच कंपनीच्या खेळांपुरते उरले. ‘ड्रॅगन’ची छापील आवृत्ती २००७ मध्ये बंद पडली. या सर्वांत चिवट ठरले ते ली गोल्ड यांचे हौशी पत्रक. ते बाईंनी जवळजवळ पन्नास वर्षे चालवले आणि २०२५ मध्ये थांबवले.

२०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ हा संगणकावरचा खेळ जगभर गाजला. तुमच्या घरातल्या मुलानेही तो कदाचित खेळला असेल. त्याच्या कथेत माइंड फ्लेअर आहेत आणि गिथयांकीही आहेत. एक सहा पानांच्या पत्रातून आलेला, तर दुसरी एका शाळकरी मुलाने मासिकाला धाडलेली. मुलाला हे जरूर सांगा.