भूरीबाईंचा कागद

माळव्याच्या पश्चिमेस झाबुआचा डोंगराळ मुलूख लागतो. इंदूरच्या मराठी मंडळींस तो काही दूरचा नव्हे. परंतु तेथील भिलांच्या भिंतींवर काय लिहिलेले असते, ह्याची चौकशी आम्ही क्वचितच केली.

‘लिहिलेले’ हा शब्द आम्ही जाणून योजिला आहे. भील पिठोरा काढीत नाहीत, लिहितात. लिहिणारा तो लिखिंद्रा. जुन्या मराठीतही चित्र लिहीतच असत. घरातले दुखणे हटेना, गुरे मरू लागली, पाऊस रुसला, म्हणजे बडवा घरधन्याकडून पिठोऱ्याचा नवस बोलवितो. (पंढरपूरचे बडवे वेगळे; हा अंगात देव येणारा पुरोहित व वैद्य.) नवस फेडताना भिंत सारवून पांढरी करितात, लिखिंद्रा तीवर देवांचे घोडे लिहितो, आणि अंगात आलेला बडवा आकृत्या पारखून घेतो. म्हणजे ती भिंत शोभेसाठी नसून उपचाराचाच अखेरचा भाग होय. हे लेखन पुरुषांचे; तेथे स्त्रीचा हात चालत नाही.

गुजरातच्या सीमेवरील पिटोल गावच्या भूरीबाई ह्याच समाजातल्या. गेरू, खडी, तव्याची काजळी, वालाच्या पानांचा हिरवा रस एवढ्या सामग्रीवर त्या घरच्या भिंती रंगवीत. १९८२ साली खुल्या झालेल्या भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर त्या मजुरीस होत्या. तेथे जगदीश स्वामीनाथन ह्यांनी त्यांच्यापुढे कागद व तयार रंग ठेविले. त्यांनी झाडे, मोर, हरणे, सण काढिले; पुढे विमाने व मोटारीही काढिल्या. आकृत्या ठिपक्यांनी भरल्या. भील चित्रकार ह्या ठिपक्यांचे नाते मक्याच्या दाण्यांशी आणि पूर्वजांशी जोडतात. नवसाचा घोडा मात्र त्यांनी लिखिंद्र्याकडेच राहू दिला.

२०२१ साली भूरीबाईंना पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांस सर्रास ‘पिठोरा चित्रकार’ म्हटले. आम्हांस हे नाव चुकीचे वाटते, आणि ही चूक केवळ शब्दाची नाही. स्त्रीवरचा निर्बंध न्याय्य होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु ह्या एका नावाने तो निर्बंधही झाकला जातो आणि त्याच्या बाहेर एका मजूर बाईने उभी केलेली स्वतंत्र चित्रसृष्टीही. शिवाय, ज्या चित्रास बडव्याची पारख लागत नाही, ज्याने कोणाचा नवस फिटत नाही, त्यास पिठोरा म्हणणे म्हणजे आजारी माणसाच्या घरातली ती रात्र हिशेबातून वगळणेच होय. भोपाळच्या जनजातीय संग्रहालयातील एका भिंतीवर भूरीबाईंनी स्वतःचेच जीवनचरित्र रंगविले आहे. पिटोलपासून भारत भवनापर्यंतची वाट तेथे ठिपक्याठिपक्यांनी पाहावयास मिळते. आमच्या वाचकांपैकी जे भोपाळास जातील त्यांनी ती भिंत सावकाश पाहावी, आणि तिला भूरीबाईंच्याच नावाने ओळखावे.